गुलाबाईच्या पाटावरची बाहुली

आमच्या घरात एकदा उघडलेली वस्तू सगळ्यांची होते. हा नियम कुणी केला नाही, पण तो मोडायची कुणाची टाप नाही. माझ्या आहेरातला काचेचा डिनर सेट नणंदेच्या डोहाळजेवणाला उघडला, तो तिच्याबरोबर बोदवडला गेला तो गेलाच. निळी शाल धाकट्या जावेच्या अंगावर असते. माझ्या तेलाची बाटली तर आलेगेले पाहुणेसुद्धा हक्कानं उचलतात. मी काही बोलले की आमच्या ह्यांचं उत्तर ठरलेलं, "अगं, घरातल्या घरात तर आहे!" हे ऐकून ऐकून माझ्या कानांना घट्टे पडलेत.

म्हणून मी बाहुल्यांचे डबे उघडत नाही.

बाहुल्या म्हणजे बाजारात टांगलेल्या नव्हेत हं. परदेशातली एखादी कंपनी मोजक्याच बाहुल्या काढते, प्रत्येकीच्या डब्यावर तिचा नंबर छापते आणि साचा बंद करून टाकते. लिमिटेड एडिशन. पुन्हा तशी होणे नाही. कधी विक्रीला येणार ते आधी कळतं, आणि त्या वेळेला मी एका हातानं वरणाला फोडणी देत दुसऱ्या हातानं फोन दाबत असते. कितीदा तरी फोडणी जळली आणि बाहुलीही संपली. मिळाली, तर मात्र पुढचे पंधरा दिवस मला कुणाचाही राग येत नाही. कुरिअर येतं, मी खोलीचं दार लावते, खोक्यातून डबा काढते. पुढच्या पारदर्शक प्लास्टिकमधून ती दिसते. मनगटं, कंबर, मान बारीक तारेनं मागच्या पुठ्ठ्याला बांधलेली, केसांवर जाळी. मी बघते, पुसते आणि लोखंडी कपाटात ठेवून देते. तिला कुणी हात लावलेला नाही, मीसुद्धा नाही. घरातली तेवढी एकच वस्तू पूर्ण माझी.

जाऊ एकदा हसत हसत म्हणाली, "ताई, तुम्ही पण ना! स्वतः कोंडून बसता आणि त्यांनाही कोंडता." मी म्हटलं, "तू तुझी भाजी बघ, करपतेय." करपत नव्हती, पण तिला तिथून घालवायचं होतं. असली पुस्तकी वाक्यं मला चालत नाहीत. मला कोंडलं ते बाथरूमच्या ओल्या फरशीनं. सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, तिथं घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्या वॉकरवर आणि मी त्यांच्या हाकेवर. जाऊ वरच्या मजल्यावर राहते, पण तिला शाळेची नोकरी. ह्यांना मोटार रिवाइंडिंगचं दुकान. उरले कोण? जळगावात राहून जळगाव बघितलं नाही अशी माझी गत. भाजीला जाऊन यायचं, तेही अक्का दुपारच्या झोपल्या असतील तर. वैशाखात कूलरसमोर बसून दोघी एकाच भिंतीकडे बघायचो. बाहुल्यांचा नाद मला त्याच उन्हाळ्यात लागला. मला कुठं जाता येत नव्हतं, पण दारापर्यंत काहीतरी येऊ तर शकत होतं.

गेल्या भाद्रपदात फार दिवसांनी मला एक दिवस मोकळा मिळाला. माझं माहेर धुळ्याचं. पौर्णिमेला जावेला सुट्टी, ती म्हणाली, "मी बघते अक्कांना, जाऊन या." तर सकाळच्या एसटीनं निघाले. एरंडोल, पारोळा मागं पडलं तसं छातीवरचं काहीतरी खाली उतरलं. आईच्या हातचं जेवले आणि दुपारी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्याही बाहुल्या जमवतात, फोनवरच्या आमच्या ग्रुपात ओळख झालेली. त्यांच्याकडे काचेचं कपाट, आत दिवे, सगळ्या बाहुल्या डब्याबाहेर! कुणी खुर्चीत बसलेली, कुणी छत्री धरून उभी. त्या म्हणाल्या, "डबे काय साठवता? बाहुल्या बघायला असतात." मी म्हटलं, "बाई, तुमच्या घरी तुमच्या कपाटाला कोण हात लावतं?" त्यांनी विचार केला. "कुणीच नाही." चहा घेऊन निघाले.

संध्याकाळी जळगावात परतले, तर गल्लीच्या तोंडाशीच गाणी ऐकू आली. त्या दिवशी गुलाबाई बसते. खान्देशातल्या मुलींचा हा सण. पार्वती म्हणजे गुलाबाई, ती शंकराला, गुलोजीला, घेऊन महिनाभर माहेरपणाला येते. मातीची जोडी आणून पाटावर बसवायची, रोज संध्याकाळी पोरींनी जमून गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. कोजागरीला दोघांना पाण्यात पोचवायचं, की गुलाबाई सासरी गेली.

चपला काढून आत आले. पाटावर मातीचे गुलोजी होते. आणि त्यांच्या शेजारी माझी चंदेरी केसांची बाहुली.

तीच ती. गर्द हिरवा मखमली झगा, आमच्या ग्रुपात जिच्यासाठी लोकांनी जीव टाकला होता ती. तिच्या खांद्यावरून जरीचा खण, कपाळावर टिकलीएवढं कुंकू, दोन्ही गालांवर हळद. कोपऱ्यात डबा चिरून पडलेला. जवळ विळी आणि अडकित्ता.

"कव्हय उनी वं?" अक्का खुर्चीवरून म्हणाल्या. केव्हा आलीस म्हणून. चेहरा नुसता फुललेला. "देख, कशी दिसी ऱ्हायनी!"

झालं होतं असं, की जावेच्या मुलीच्या हातून उंबऱ्यावरच मातीची गुलाबाई निसटली आणि मान तुटली. खंडित मूर्ती बसवायची नाही. जाऊ बाजारात धावली, तर जोड्या संपलेल्या. गल्लीतल्या पोरी यायच्या वेळेला घरातली पोर रडून आकांत करतेय म्हटल्यावर अक्का वॉकर सरकवत माझ्या खोलीत गेल्या. कपाटाची चावी देवघराशेजारच्या खिळ्याला असते, कारण त्या कपाटात घराचे कागदही आहेत. विळीनं डबा उघडला आणि सुपारी फोडायच्या अडकित्त्यानं तारा तोडल्या. "माले वाटनं, बठ्ठास्मा चांगली हाईच शे," त्या मला सांगत होत्या. घरातली सगळ्यात चांगली बाहुली त्यांनी देवीच्या पाटावर बसवली होती. त्यांना वाटलं मी खूश होईन!

मी पोरींसमोर ओरडले. व्हायचं ते झालं. "ह्या घरात उघडलं ते सगळ्यांचं! एक वस्तू, एक तरी वस्तू माझी राहू द्याल का नाही?" ह्यांनी दुकानातून येऊन पायरीवरच सुरू केलं, "अगं, घरातल्या घरात..." आणि माझ्याकडे बघून जीभ चावली. अक्का नुसतं पाटाकडे बघत बसल्या.

उचलून न्यावी म्हटलं, तर बसलेली गुलाबाई कोजागरीआधी उठवत नाहीत. माहेरी आलेल्या लेकीला उंबऱ्याबाहेर काढल्यासारखं होतं ते. आणि कोजागरीला उठवायची ती बुडवायलाच. म्हणजे आता बघत बसायचं, महिनाभर. मी ग्रुपात लिहिलं की माझा डबा उघडला गेला. धडाधड हात जोडलेली चित्रं आली. एकानं तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. मला हसू आलं नाही.

रोज संध्याकाळी पोरी येत. हळदीच्या बोटांनी तिचे केस सारखे करत. मी स्वयंपाकघरातून बघायची आणि जळायची. पण खोटं कशाला बोलू? दुपारी कुणी नसताना मीही पाटासमोर जाऊन बसायची. तिच्या पाठीवर बारीक मोत्यांची बटणं होती, ती मला कधी माहीतच नव्हती. डब्यात पाठ कुठे दिसते? मी एकदा तिचा हात धरून बघितला. मनगटावर तारेचा वळ होता. तेव्हापासून ती मला आणखीच हवीशी झाली. बुडवू द्यायची नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं.

हे म्हणाले, "दुसरी एखादी साधी बाहुली आणू, ती बुडवू." पण पोरी वेड्या नाहीत, त्यांनी तिला महिनाभर न्हाऊमाखू घातलेलं. मग मी युक्ती काढली. म्हटलं, मेहरूण तलावात घाण कशाला करायची? शाळेतही सांगतात, घरीच बादलीत विसर्जन करू. सगळ्यांनी माझी वाहवा केली. माझ्या पोटातलं कुणाला कळणार? रात्रभर बादलीत राहील, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून काढीन, पुसून कपाटात ठेवीन. झगा भिजला तर वाळेल. डबा गेला तर गेला, बाहुली तर माझी राहील.

कोजागरीला मागच्या ओट्यावर बादली भरली, गाणी झाली, आटीव दूध झालं. पहाटे मी पावलं न वाजवता मागचं दार उघडलं, तर ओट्यावर खुर्ची टाकून अक्का बसलेल्या! वॉकर घेऊन ही बाई एकटी इथवर आली कशी, देव जाणे. बाहुली त्यांच्या मांडीवर होती आणि त्या पदरानं तिचे केस टिपत होत्या. बादलीत गुलोजी विरघळून नुसता गाळ उरला होता.

मी चोरासारखी उभी.

"बुडनी बी नही आनि गळनी बी नही," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मातीनी ऱ्हाती ते सुटी जाती व माय." मातीची असती तर सुटली असती.

मला वाटलं, आता माझ्या हातात देतील. त्यांनी तिला देवघरात नेऊन ठेवायला सांगितलं. पाण्यानं परत पाठवलेली देवी कपाटात कशी कोंडायची? मीच नेऊन ठेवली. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण दुधवाला आला. ती अजून तिथंच आहे. रोज सकाळी मीच तिला कुंकू लावते. जावेची मुलगी तिला वर खेळायला नेते, एक बूट कधीच हरवला. आता ती सगळ्यांची आहे.

त्यानंतर मी नवी बाहुली घ्यायची नाही असं ठरवलं होतं. टिकलं नाही. दिवाळी सरली आणि एक आवडली. कुरिअर आलं तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली येऊन बघते तर खोकं अक्कांच्या मांडीवर. वरचा कागद फाटलेला, आतला डबा त्यांनी कानाशी धरून हलवला, गुलाबाईचा खाऊ ओळखतात तसा. गेली, हीसुद्धा गेली.

पण त्यांनी डबा पदराखाली झाकला, जिन्याकडे एकदा बघितलं आणि माझ्यापुढे धरला. "घे. बंदच शे."

मी घेतला.

"मन्ही पेटी पहिल्याच दिन उघडी व्हती," त्या म्हणाल्या. पेटी म्हणजे त्यांची लग्नातली. "नणंदास्नी बठ्ठं वाटी लिधं. मी काहीच बोलनी नही. तू बोलनी ते बरं व्हयनं." मग त्यांनी कमरेची चंची सोडली आणि सुपारीच्या खांडांमधून कपाटाची चावी काढली. खिळ्यावरून कधी उतरवली होती कोण जाणे. "किल्ली दपाडी ठेव," लपवून ठेव म्हणून. "कोठे शे ते माले बी सांगू नको."

मी चावी मुठीत घेऊन स्वयंपाकघरात गेले. डाळीच्या डब्यात ठेवावी, तर जाऊ येताजाता डाळ नेते. माझ्या पर्समध्ये तिची मुलगी चॉकलेट शोधते. गादीखाली ह्यांची बिलं असतात. ब्लाउजांच्या कप्प्यात कपड्यांच्या घड्या करणारी बाई हात घालते. शिलाई मशीनच्या खणात सगळ्यांच्या सुया. मी खालून वर गेले, वरून खाली आले. इतक्या वर्षांत या घराचा कोपरान् कोपरा मी पुसलाय, पण माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही अशी एक फटसुद्धा मला सापडेना.

शेवटी देवघराशी आले आणि चावी परत त्याच खिळ्याला अडकवली.

अक्का खाटेवरून बघत होत्या. "नही सापडनी ना जागा?" त्या म्हणाल्या. "माले बी कव्हयच नही सापडनी."