उलट्या गिअरची तैमी

त्या दिवशी तैमी हेक्कालाने कॉफी उभ्याउभ्याच घेतली. बसायला सवड कुणाला होती! वेलदोड्याच्या गोड पावाचा तुकडा तोंडात कोंबला, नवऱ्याचे रबरी बूट पायात अडकवले आणि निघाली शेडकडे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसली गत. झाडांवर अजून लाल-पिवळी पानं होती, बर्फाचा पत्ता नव्हता, आणि ही बाई बर्फ उपसायला निघाली होती.

पण तिचं तरी काय चुकलं? दूर उत्तरेकडच्या त्या सरोवराकाठी हिवाळा म्हणजे गंमत नव्हे. बर्फ खिडक्या गिळतो, मग टपालपेट्या गिळतो, मग माणसाची अक्कल गिळतो. मोठा रस्ता सरकारी गाडी साफ करते. मात्र तिथून आत सहा घरांकडे येणारा रस्ता ज्याचा त्याने बघायचा, आणि तो वर्षानुवर्षं एकटा तिचा नवरा रॉय हेक्काला बघत आला होता. त्याच्याकडे छोटा ट्रॅक्टर होता, आणि ट्रॅक्टरच्या मागे बर्फ फेकणारा ब्लोअर. ब्लोअर मागे म्हटल्यावर गाडी चालवायची उलटी. अख्खा हिवाळा रॉय मान वळवून मागे बघत रस्ताभर उलटा जायचा. त्या मानेने शेवटी दावा साधला. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली, मणके जोडले गेले, आणि आता रॉयला मागे कोण आहे ते बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागायचं.

सप्टेंबरात एका शनिवारी दोघं सौनात, म्हणजे घरच्या वाफेच्या खोलीत, बसली असताना तो हळूच म्हणाला, "डेलशी बोललोय. हरणांच्या शिकारीवरून आला की ट्रॅक्टर घेऊन जाईल. रस्ताही तोच बघेल."

डेल पेरॉ हा शेजारी. माणूस बरा, पण यंत्राला कधी ग्रीस लावल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

तैमीने तापल्या दगडांवर एकदम एवढं पाणी ओतलं की वाफेने रॉय खालच्या बाकावर उतरला.

"आणि मी काय मेले?" ती म्हणाली.

"अगं, तुला कुठे येतो ट्रॅक्टर?"

"येत नाही की येऊ दिला नाहीस?"

हा घाव वर्मी बसला, कारण खरा होता. तैमीने तीस-एक वर्षं शाळेची बस चालवली. काचेसारख्या निसरड्या रस्त्यांवरून लोकांची पोरं सांभाळून नेली-आणली. नवऱ्याच्या ट्रॅक्टरच्या सीटवर मात्र तिला कधी बूड टेकता आलं नाही. रॉय तसा दिलदार गडी. मागितलं तर अंगातला शर्ट काढून देईल. ती सीट तेवढी द्यायचा नाही.

शेवटी ठरलं ते असं. पहिला मोठा बर्फ तैमीचा. घरापासून टपालपेट्यांपर्यंत सगळा रस्ता तिने एकटीने साफ केला तर ट्रॅक्टर घरात राहील. नाही जमलं तर डेल घेऊन जाईल. रॉयने हसत हात पुढे केला. तैमीने हसत नव्हे, दाबून मिळवला.

तर त्या सकाळी तयारीला सुरुवात झाली. रॉय पालथ्या बादलीवर बसला आणि उंटावरून शेळ्या हाकू लागला.

"ट्रॅक्टरखालचा गवत कापायचा डेक आधी काढ. खालून धू, वाळव, मग तेल लाव. नाहीतर वसंतात गंजाची चाळण हातात येईल."

"धुतलाय. हे काय, दिसत नाही? अरे हो, तुला वळून बघता येत नाही!"

"जीभ आवर आणि एअर फिल्टर उघड."

फिल्टरच्या डब्यात उंदराने संसार मांडला होता. घराच्या भिंतींतला कापूस, रॉयच्या हरवलेल्या मोज्याची लोकर, सगळं आणून ऐसपैस बिछाना केलेला. "बघ, याची हिवाळ्याची तयारी आपल्या आधी झाली," असं म्हणून तैमी खो खो हसत सुटली. रॉयही हसला, पण मान धरून.

पुढचे कितीतरी दिवस ती शेडमध्येच सापडायची. इंजिनाचं तेल बदललं. कूलंट गोठणार नाही ना ते तपासलं. थंडीत न थिजणारं डिझेल भरलं. मागच्या चाकांना साखळ्या चढवताना बोटं सोलवटली, तर ती चोखत पुन्हा ओढायला लागली. ब्लोअरखालच्या दोन घसरपट्ट्या रॉयने खाली सरकवून घेतल्या, म्हणजे ब्लोअर जरा उंच राहील, कारण रस्ता खडीचा. ब्लोअर खडीला घासला तर बर्फाबरोबर दगड उडून शेजारच्या लॉरेनच्या खिडकीत जायचे. शिअर बोल्टची पुडी त्याने स्वतः तिच्या खिशात घातली.

"काही अडकलं की हा तुटेल. तुटला की रडायचं नाही. तुटण्यासाठीच असतो तो. पण बदलायच्या आधी इंजिन बंद. बंद म्हणजे बंद, तैमी."

"हो रे बाबा."

इतकं शिकवताना रॉयचा चेहरा खुलायचा, आणि बादलीवरून उठताना पुन्हा पडायचा. तैमीला ते दिसायचं. पण तिच्या अंगात वारं शिरलं होतं. रात्री डोळे मिटले तरी हातात स्टिअरिंग असायचं.

जमीन गोठायच्या आत रस्त्याच्या दोन्ही कडांना खुणेच्या काठ्या ठोकल्या आणि कोरड्या रस्त्यावर पहिली चाचणी झाली. तैमी रॉयसारखीच मान वळवून, कमरेत पिळा घालून बसली आणि गाडी उलटी सोडली. नुकत्याच ठोकलेल्या काठ्या एकामागून एक आडव्या झाल्या. मग मागचं चाक चरात उतरलं आणि ट्रॅक्टर दारुड्यासारखा कलला.

"सीटच वाकडी आहे ही!" ती ओरडली.

"नाचता येईना अंगण वाकडं," रॉय रस्त्यावरून म्हणाला. नेमका डेल तिथून जात होता. त्याने काच खाली केली आणि दात काढले. "रॉय, माझा ट्रॅक्टर जरा जपून वापरा रे!"

माझा ट्रॅक्टर! तैमीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. संध्याकाळी ती सौनाबाहेरच्या खोलीत केस विंचरायला उभी राहिली, ती हातातला कंगवा तसाच धरून राहिली. समोरच्या भिंतीवर तिच्या बसचे दोन लांबोडे आरसे होते. निवृत्तीच्या दिवशी बसडेपोच्या मंडळींनी काढून दिलेले. अगं बये, ती स्वतःलाच म्हणाली, जन्मभर तू बस मागे घेतलीस ती कधी मान वळवून घेतलीस का?

दुसऱ्या दिवशी पडलेल्या काठ्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि दोन्ही आरसे ट्रॅक्टरच्या पुढच्या बकेटच्या खांबांना पक्के बसले. रॉय आपलं पुटपुटत राहिला, "ट्रॅक्टर आहे की न्हाव्याचं दुकान?"

आणि मग पंधरा नोव्हेंबर उजाडला. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी तिथे धडधाकट बाप्या सापडला तर आजारी समजावा. सगळे रानातल्या झोपड्यांत पसरलेले, डेलसुद्धा. रॉय मानेमुळे घरी. आणि बर्फानेही नेमका तोच मुहूर्त धरला! सकाळी दार उघडलं तर पायऱ्या नाहीत, गाड्या नाहीत, रस्ता नाही. इतक्यात लॉरेनचा फोन, तो तैमीने उचलला. ती इस्पितळात नर्स. "रॉय, मला ड्यूटीवर जायचंय... अगं बाई, तू होय! म्हणजे, कोण काढणार आहे बर्फ?"

"मी!" तैमीने फोनमध्ये एवढ्याने सांगितलं की लॉरेनला फोनशिवायही ऐकू गेलं असेल.

ती सीटवर बसली. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. तिने ब्लोअर टेकवला, गिअर उलटा टाकला, समोर आरशांत पाहिलं, आणि मागे घुसली. पांढरा फवारा उंच उडाला, वाऱ्यावर वळला, झाडांत जाऊन पडला. आरशात काठ्या दिसत होत्या, डावीकडची, उजवीकडची, अगदी बस मागे घेताना फाटकाचे खांब दिसत तशा. ती हसत होती, ओरडत होती, हातमोज्याने आरसे पुसत होती. मध्येच खट्ट झालं. बर्फाखाली कुणाचं तरी सरपणाचं लाकूड. इंजिन बंद, बोल्ट नवा, पुन्हा सुरू. टपालपेट्यांशी पोचली तेव्हा मागोमाग लॉरेनची गाडी हॉर्न वाजवत मोठ्या रस्त्याला लागली. तैमीला वाटलं, आता छाती फुटेल आनंदाने.

परत आली तेव्हा रॉय अंगणात उभा होता. रस्ता बघत असेल म्हणून ती थांबली. पण तो रस्ता बघत नव्हता. ट्रॅक्टरशेजारी येऊन, मान ताठ ठेवून, तो आरशात बघत होता. आपल्या पाठीमागचा रस्ता, पार टपालपेट्यांपर्यंत, काही न वळवता.

तैमीच्या लक्षात आलं. या आरशांमुळे रॉयला मान वळवायची गरजच नव्हती. इतके दिवस हे तिच्या डोक्यात कसं आलं नाही? ज्या सीटसाठी जन्मभर झुरली ती मिळून अजून गरमही झाली नव्हती. गप्प बसावं, असं तिला वाटलं. खरंच वाटलं.

रॉयने टोपी काढून हातात धरली. उभ्या आयुष्यात त्याने या ट्रॅक्टरसाठी कुणाची परवानगी मागितली नव्हती.

"तैमी," तो म्हणाला, "एक फेरी मारू का गं मी?"

तैमीने हँडब्रेक ओढला. मग खाली उतरली आणि त्याला चढायला हात दिला.

"मार. पण सावकाश हं. माझा ट्रॅक्टर आहे."

रॉयने मान डोलावली, म्हणजे डोलली तेवढी.

"हो, मालकीणबाई," तो म्हणाला आणि त्याने गिअर उलटा टाकला.