खिडकीआडचे जपानी सूर

आमच्या शेजारच्या काकांनी उमर परमुलखात सोनं गाळून शुद्ध करायच्या गलाई धंद्यात घालवली आणि विट्याला परतल्यावर हातात गिटार घेतली. मोबाइलवर बघून ते जपानी सुरावट वाजवतात. सूर पाचच. चुकून सहावा लागला, तर स्वतःच्याच कानाची पाळी धरतात. "ह्यात गर्दी चालत न्हाई गड्या," म्हणतात.

लेकीच्या बारशाला मीच त्यांना वाजवायला बोलावलं. त्यांनी तेच सूर छेडले. पाळण्यापाशी उभ्या चुलतीनं डोळ्यांना पदर लावला. मी अवघडून ओरडलो, "आवं, बारसं हाय हे, दहावं न्हाई!" सगळं घर हसलं. तेही हसले. कानाची पाळी धरून म्हणाले, "व्हय की, चुकलंच." आणि सिनेमाचं गाणं वाजवू लागले.

तेव्हापासून ते खिडकी लावून वाजवतात, भर उन्हाळ्यातसुद्धा. भिंतीतून सूर पुसट येतात, आणि रडणारी पोरगी ते ऐकून शांत होते. बायको म्हणते, "जावा की, खिडकी उघडा म्हणावं त्यांना."

मी त्यांच्या दारापर्यंत जातो. माझी चाहूल लागते, आणि आत सिनेमाचं गाणं सुरू होतं.