जित्या माणसाचा फोटो

ताई, मी गाव सोडलं त्या सकाळी यष्टी सुटेपर्यंत बाबा खिडकीशी उभे होते. आशीर्वाद वगैरे काही नाही. "नागपूरले कोनी हासून बोललं, तं पयले खिसा पाह्य," एवढंच बोलले. माय मागे उभी राहून माझी पेटी टपावर नीट बांधली का ते निरखत होती, कारण कंडक्टरवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. असल्या घरातून मी शहरात आलो.

नागपूरच्या सदर भागातल्या एका फोटो स्टुडिओत नोकरी लागली. लग्नांचे फोटो मालक स्वतः काढायचे. मयतीची कामं नव्या माणसाच्या, म्हणजे माझ्या गळ्यात. तेव्हा कितीतरी माणसं जन्मभर एक फोटो काढत नसत. माणूस गेला की तिरडी बांधायच्या आधी त्याला भिंतीला टेकवून बसवायचे, कपाळाला टिळा लावायचे आणि स्टुडिओत कोणाला तरी सायकलवर पिटाळायचे. पहिल्या वेळी माझे हात इतके कापले, की फोटोत मयतच हलल्यासारखी आली. मालकांनी खूप शिव्या घातल्या.

सुटीच्या दिवशी मालकांचा जुना कॅमेरा आणि बारा फोटोंचा रोल घेऊन मी इतवारीच्या बाजारात भटकायचो. हातगाड्या ओढणारे हमाल, पितळी हंड्यांमागून डोकावणारा दुकानदार, पोत्यावर घोरणारा दलाल. मला जिती माणसं टिपायची होती हो! पण कॅमेरा वर केला की गल्ली चिडीचूप. कोणी तोंड फिरवायचं, कोणी विचारायचं, "कोन गेलं गा?" त्यांना माझी पावलं अशुभ वाटायची, अन् मला ते सगळे लुच्चे.

गिरजाबाई तिथेच एका पायरीवर बसून जुन्या लुगड्यांवर भांडी द्यायची. तिचा नवरा घरी खोकत पडलेला. माझ्यावर तिचा भारी दात. "आमच्या घराकडे काहून पाहून राह्यला? येवढी घाई झाली काय तुह्या मालकाले?" असं भर बाजारात ओरडली होती. म्हणून एके दिवशी तिनं हसून चहा दिला, तेव्हा माझा हात आपोआप खिशावर गेला. ती म्हणाली, "त्याचा फोटो मांगून काढाचाच हाय, तं आताच काढ. त्याचे डोये उघडे हायेत तंवर." नवरा धुतलेली बंडी घालून स्टुलावर बसला, कॅमेऱ्याकडे रागानं बघत. फोटो झकास आला. मला एवढा आनंद झाला, की दिवसभर तोच खिशातून काढून काढून पाहत होतो.

मायला धाप लागायची म्हणून मी तिला नागपूरच्या दवाखान्यात आणलं होतं, आठवतं? डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला सांगितलं, काळीज थकलंय, फार दिवस नाहीत. बाहेर येऊन मी म्हणालो, "काही नाई वं माय, ताकदीच्या गोळ्या देल्या." तुलाही तेच सांगितलं. खोटं बोललो, ताई.

पुढच्या महिन्यात कॅमेरा घेऊन गावी आलो. तू वावरात होतीस. मायला म्हटलं, बस, फोटो काढतो. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"काहून? मले काय धाड भरली?"

"असाच वं."

"डाक्टरनं काय सांगतलं होतं तुले?"

"सांगतलं ना, काही नाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, तोंड धुतलं, कुंकू लावलं आणि बाजेवर येऊन बसली. मी बटण दाबेपर्यंत हलली नाही.

तुझ्या भिंतीवर तोच फोटो आहे. माय त्यात अशी संशयानं का पाहते म्हणून तू दरवेळी विचारतेस, अन् मी उन्हावर ढकलतो. ऊन नव्हतं वं. इतवारीतले लोक कॅमेऱ्याकडे पाहायचे, माय माझ्याकडे पाहत होती.

आता कोणी गाव विचारलं तर मी सरळ नागपूर सांगतो. इथं माझं खोटं सहज खपतं. जिथं ते एका नजरेत पकडलं गेलं, ते मात्र घर होतं. मायला सगळं कळलं होतं, ताई, अन् तरी ती माझ्यासाठी नीट बसली.