मास्तरांची काळी द्राक्षं

दानियलमास्तर गेल्याची बातमी मला त्यांच्या वाडीवरच्या ठमाबाईने दिली. सकाळी कारखान्याच्या फाटकाशी ती उभी होती, डोक्यावरची पाटी न उतरवता. म्हणाली, "मास्तर नाय रायले. रिबकामावशीनं सांगाया धाडलंय." मी आत जाऊन रजेचा अर्ज लिहिला, पण तो लिहायलाही मी जरा जास्तच वेळ घेतला... मास्तरांचं घर तिथून दहा मिनिटांवर. मी पोचलो तेव्हा माणसं निघालेली होती. मी मागे मागे चालत गेलो आणि दफनभूमीच्या भिंतीशीच थांबलो. मास्तर मला शाळेत पाच वर्षं शिकवायला होते, पुढे वीस वर्षं त्यांनी मला मुलासारखं मानलं, आणि मी पार मागे उभा. कुणालाही वाटलं असतं की दुःखाने पाय अडले असतील. ते तसं नव्हतं. आज पाच आठवडे झाले. पुरवणीसाठी मास्तरांवर चार शब्द लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा आधी नाहीच म्हणालो होतो. मग वाटलं, लिहायचंच तर जे झालं ते लिहावं.

मास्तर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. पनवेलला हे काही सांगावं लागत नाही. त्यांच्या प्रार्थनालयाला आमच्या लहानपणी सगळे इस्राएलांची मशीदच म्हणत, आणि शनिवारी मास्तर शाळेत नसतात हे आम्हा पोरांना रविवारच्या सुट्टीइतकंच ठाऊक असे. उंच, किंचित वाकलेले, कोट घालून सायकलवर. गणित शिकवत. उत्तर चुकलं तर फुली मारत नसत, "पुन्हा एकदा बघ" म्हणून पाटी परत देत. दुसऱ्यांदाही चुकलं तरी तेच. मला वाटतं, मुलगा मुद्दाम चुकीचं लिहील ही शंका त्यांच्या मनाला कधी शिवलीच नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गाढी नदीच्या बाजूला, उंचवट्यावर, एक लहानशी वाडी घेतली. आंब्याची चार झाडं, एक विहीर, बाकी मुरूम. तिथे त्यांनी काळ्या द्राक्षांच्या वेली लावल्या. नाशकाहून कलमं आणली, ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन. गाव हसलं. इथल्या पावसात द्राक्षं म्हणजे मिठागरात ऊस. वाडीत कामाला येणारी ठमाबाईसुद्धा म्हणाली होती की वेल जगेल, पण फळ नाय देयाची. मास्तरांचं कारण साधं होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी आणि वल्हांडणाच्या, मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याच्या, सणाला त्यांच्याकडे द्राक्षरसाचा पेला लागतो. इथे पिढ्यान्‌पिढ्या मनुका भिजवून, कुस्करून ते पाणी वापरत. मास्तरांना वाटे, एकदा तरी आपल्या जमिनीतल्या द्राक्षांचा, नीट आंबवलेला, लाल रस मशिदीत न्यावा. त्यांनी तो हट्ट कधी मोठ्याने बोलून दाखवला नाही. फक्त दर पावसाळ्याआधी वेलींवर बांबूच्या ताट्या बांधत राहिले.

मी तेव्हाही याच औषधी कारखान्यात आसवं-अरिष्टं, म्हणजे आंबवून केलेली औषधं, पाहायला होतो. संधान घातलं, म्हणजे काढा आंबवायला ठेवला, की रोज पिंपाशी कान लावायचा, आतली चुळबुळ ऐकायची. काडी पेटवून तोंडाशी धरायची, विझली तर अजून आंबतंय, जळत राहिली तर काम संपलं. मग वास, मग जिभेवर एक थेंब. यात माझा हात बरा बसला होता, आणि मास्तरांना त्याचा माझ्या आईपेक्षा जास्त अभिमान. म्हणून पहिल्या वर्षीचा रस घेऊन ते माझ्याकडे आले. तो रस शिरक्यासारखा जहाल आंबट झाला होता. मी तसं सांगितलं, त्यांनी वहीत टिपून घेतलं. दुसऱ्या वर्षी पाणचट. मी म्हटलं, आम्ही घालतो तशी धायटीची फुलं घाला, आंबवण चांगलं धरेल. ते हसून म्हणाले, द्राक्षाच्या सालीवर देवाने जे ठेवलंय तेवढंच पुरेल का, ते बघू.

तिसऱ्या वर्षी फाल्गुनात द्राक्षं भरून आली. लहान, जाड सालीची, जवळजवळ काळी. ती तुडवून, रस दोन काचेच्या बुधल्यांत भरून, तोंडाला फडकं बांधून मास्तरांनी ओटीच्या आतल्या खोलीत ठेवला. बुधले धुण्याचं काम रिबकामावशींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं. तोवर राज्यात दारूबंदी आली होती. धर्मकार्यासाठी परवाना मिळतो म्हणून मास्तरांनी रीतसर अर्ज केला, आणि अर्जात खरं ते सगळं लिहिलं: एवढ्या वेली, एवढा रस. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता.

वैशाखात दारूबंदी खात्याचे अधिकारी पाहणीला आले. माणूस सभ्य होता. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की जाणकार कुणीतरी चाखून लेखी सांगावं की वस्तू शुद्ध आहे, पूजेच्या उपयोगाची आहे. मास्तर लगेच म्हणाले, आमचा दत्तू आहे ना. ठमाबाई मला बोलवायला आली.

त्याच आठवड्यात आमच्या व्यवस्थापकांनी आम्हाला एकत्र बोलावून बजावलं होतं की आसवांवर आता सरकारची नजर आहे, दारूच्या कुठल्याही कागदावर आपल्या माणसाचं नाव दिसता कामा नये. मी नुकताच कायम झालो होतो. घरी पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. रस्ताभर मी तोच विचार करत गेलो.

पूजेच्या रसाला समाजाबाहेरचा हात चालत नाही, म्हणून बुधल्याला मास्तर स्वतःच हात लावत; त्यांनी माझ्यासाठी वेगळ्या पेल्यात थोडासा ओतला. मी तो खिडकीशी धरला. रंग असा की मधोमध जवळजवळ काळा आणि कडेला कोकमाच्या आगळासारखा, स्वच्छ, तळाशी कणभर गाळ नाही. वास आधी बंद होता; पेला हलवला तसा उघडला, पिकलेलं द्राक्ष, मागे किंचित लवंगेसारखं काहीतरी. मग जीभ... हिरड्या आवळून आल्या, जून जांभूळ खाल्ल्यावर येतात तशा. आंबटपणा ताठ, अजून रागात असलेला. पण गिळल्यावर बऱ्याच वेळाने घशात एक गोडवा वर आला, आणि तो जाईना. कोवळा होता, उद्धट होता, पण वर्षभर ठेवला असता तर पुढच्या वल्हांडणाला... मी इतकी वर्षं आसवं केली, असं काही माझ्या हातून उतरलं नव्हतं. तेही धायटीच्या एका फुलाशिवाय.

मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "बिघडलंय. शिरक्याकडे गेलंय."

 मास्तर शाळेतल्यासारखंच म्हणाले, "पुन्हा एकदा बघ, दत्तू."

मी पेल्याला हातही न लावता तेच पुन्हा सांगितलं. बिघडलेल्या वस्तूला परवाना नको, कागद नको, कागदावर माझं नाव नको. अधिकाऱ्यांनाही सुटल्यासारखं झालं. ओतून टाका, अर्ज मागे घ्या, मिटलं, असं म्हणून ते गेले. इथवर भीती होती असं म्हणता येईल. पण मग मास्तरांनी विचारलं, चूक कुठे झाली असेल. तेव्हा समोर कुणी अधिकारी नव्हता. मी म्हणू शकलो असतो की मास्तर, मी घाबरलो. त्याऐवजी मी जाणकाराच्या सुरात सांगितलं की बुधला नीट धुतला गेला नसावा. आज इतक्या वर्षांनी लिहितो, त्या वाक्यात भीती कमी होती आणि असूया जास्त. रिबकामावशी दारातच उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

मास्तरांनी दोन्ही बुधले परसात स्वतः ओतले. जमीन लाल झाली, त्यावर माश्या बसल्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी वेली तोडल्या. ठमाबाईने मला बाजारात गाठून सांगितलं, "आपल्या हातान् तोडल्या. मी नको म्हनलं, आयकलं नाय." मी म्हणालो, इथली हवाच तशी.

त्यानंतर मास्तरांचं माझ्याशी वागणं तसूभरही बदललं नाही, आणि हेच मला सोसेना. माझ्या मुलीच्या बारशाला आले, तिला पाढे शिकवले. कुणाच्या औषधाला वास आला की माझ्याकडे पाठवत. दत्तू स्पष्ट सांगेल, तोंडदेखलं बोलणार नाही, अशी शिफारस करून. मी त्यांच्याकडे जाणं कमी करत गेलो. आधी आठवड्याचं महिन्यावर, मग सणासुदीवर. शेवटची भेट पोस्टाशी झाली. ते सायकल हातात धरून चालत होते, बसवत नव्हतं. म्हणाले, ये कधी, गप्पा मारू. मी म्हणालो, येतो.

कुणी गेलं की त्यांच्याकडे सात दिवस घरचे जमिनीवर बसतात. त्या सात दिवसांत मी गेलो नाही. गेलो तो पंधराव्या दिवशी. मावशी एकट्याच होत्या, तांदूळ निवडत. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. रस उत्तम होता, मी खोटं बोललो, हे शब्द तोंडातून बाहेर पडायला फार वेळ लागला.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. 

"बुधले मी धुतले होते," त्या म्हणाल्या. "उकळत्या पाण्याने. तीनदा. यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. पण मीच मनात म्हणत राहिले, चौथ्यांदा धुवायला हवे होते. इतकी वर्षं, दत्तू."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "नको. हे त्यांना सांगायचं होतंस. त्यांना आनंद झाला असता रे, रस चांगला झाला होता म्हणून. तुझ्यावर रागवायचं त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नसतं." मग सूप पुन्हा जवळ ओढलं. "आता मला सांगून तू मोकळा झालास. मी कुणाला सांगू?"

 मी उठलो. त्यांनी चहाचं विचारलं नाही, बसही म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

त्यांच्या घरांना दाराच्या चौकटीवर, उजव्या हाताला, एक लहान नळी तिरकी ठोकलेली असते. आत देवाची वचनं लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांशी नेतात. मास्तर उंच, त्यामुळे त्यांचा हात नळीच्या वर, चौकटीच्या लाकडालाही लागे. तेवढी जागा गुळगुळीत, काळसर झाली आहे, शाळेतल्या बाकाच्या कडेसारखी. मावशींचा हात तिथवर पोचत नाही, त्यामुळे ती एकट्या त्यांचीच. बाहेर पडताना माझा हात आपोआप वर गेला... आणि मी तो खाली घेतला. चपला घालून पायऱ्या उतरलो. आतून तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता.