चवळीवरची पंगत

पिकाचा रस शोषणारा शेतातला झाडून सारा मावा तुम्ही मारून टाकलात, तर त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांनी जगायचं कशावर?

हा प्रश्न मला कळंबजवळच्या एका बाईने शिकवला. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. विषारी फवारणीविरुद्धची पत्रकं वाटत मी तिच्या कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचलो, तर तिथली चवळी माव्याने काळी पडलेली. तिला मदत म्हणून मी एक झाड उपटलं.

"अरे बापू, त्याइची पंगत कायले उठवून राह्यला?" ती ओरडली आणि लगेच हसली. अंगठ्याने पान अलगद उलटून तिने दाखवलं. लाल पाठीचे ढालकिडे मावा फस्त करत होते. "इथं मावा थोडा राह्यला तं हे राहतेत. हे राह्यले तं कपाशी राहते."

तिचा दीर पाठीवर फवारणीचा पंप बांधून उभाच होता. "वहिनी, कपाशीवरबी मावा आला. पीक गेलं तं?"

"आठ दिवस दम धरा, भाऊजी. पाहुणे जेवून राह्यले."

आठ दिवसांनी मी मुद्दाम गेलो. कपाशीचे शेंडे टवटवीत होते, पंप खुंटीला होता आणि दीरच मला पानं उलटून ढालकिडे दाखवू लागला.

माझ्या पत्रकात नुसतं ‘विष थांबवा’ होतं. ते मी नव्याने लिहिलं. यंदा कपाशीभोवती चवळीची एक ओळ लावा आणि पंप उचलण्याआधी पान उलटून पाहा. पंगत बसली असेल, तर उठवू नका.