काचेमागची मार्लीन

कॅनडातल्या सास्काटूनच्या एका इस्पितळात दर जुलैला नवे डॉक्टर येत. रोगी अचानक कोसळला तर त्यांनी हातपाय गाळू नयेत, हे शिकवायचं काम मार्लीन कोवालचुककडे. बाईचा खाक्याच जबर. पलंगावर रबरी पुतळा, आणि ही काचेमागे बसून बटणं दाबत त्याचा रक्तदाब पाडणार.

"अरे, बघत काय उभे राहिलात? लग्नाला आलात का? माणूस चाललाय!"

"अ‍ॅड्रेनलिन दिलं!" पोरं ओरडत. "दिलं," असं काचेमागून उत्तर येई आणि पुतळा सावरे. खरं इंजेक्शन भरत कोण बसणार? तेवढ्यात आणखी एक रोगी उरकतो. आपल्याइतकं झटपट कुणी शिकवत नाही, याचा तिला भारी तोरा होता.

एल्डन फ्रीसेन हा त्या वर्षीचा तिचा सगळ्यात चलाख विद्यार्थी. ऑगस्टमध्ये त्याच्या वॉर्डात हार्वी ओलेनिकला, एका निवृत्त स्कूलबस चालकाला, अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन आली. घसा सुजला, श्वास अडकला. एल्डनने क्षणात ओळखलं. "अ‍ॅड्रेनलिन दिलं!" तो ओरडला आणि मॉनिटरकडे बघत राहिला. नर्सला वाटलं, यानेच दिलं. घोटाळा लक्षात येईपर्यंत हार्वीचं हृदय थांबलं. ते पुन्हा चालू केलं, पण हार्वी आता बायकोला ओळखत नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी एल्डन तिच्या दारात उभा राहिला.

"सॉरी मॅडम. तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी माती खाल्ली. उद्या राजीनामा देतोय."

"बस जरा. कॉफी घे."

"नको. तुमचं नाव खराब केलं हो मी."

मार्लीनला ते ऐकवेना. तिने शिकवलं तेच पोराने केलं होतं. पण हे बोलायला तिची जीभ रेटेना, आणि तो निघून गेला. स्वतःची इतकी लाज तिला कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एल्डन समितीसमोर बसलेला असताना ती पुतळा ढकलत थेट चौकशीच्या खोलीत शिरली. भरलेलं इंजेक्शन तिने शेजारच्या ट्रेमध्ये ठेवलं. समितीची प्रमुख बेव्ह लुंड तिचीच जुनी विद्यार्थिनी.

"ऊठ बेव्ह. अँटिबायोटिक दिलंय, घसा सुजलाय, माणूस चाललाय!"

बेव्ह सवयीने उठली. "अ‍ॅड्रेनलिन दिलं!" ती म्हणाली आणि मार्लीनकडे बघत थांबली.

या वेळी मार्लीनने "दिलं" म्हटलं नाही. इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच पडून होतं. बेव्हचं तिकडे लक्ष गेलं आणि ती मटकन खाली बसली.

"या पोराला सोडा," मार्लीन म्हणाली. "हे माझं पाप आहे."

एल्डन ओंजळीत तोंड लपवून रडत होता. मार्लीनला मात्र गावोगावचे वॉर्ड दिसत होते, आणि त्यांत ड्यूटीवर असलेली तिची पोरं.