नानांची घागर

सावद्याच्या स्टँडवर भुसावळची बस लागली, तरी माझ्या वडिलांनी, आप्पांनी, माझी बॅग हातातून खाली ठेवली नाही. मी जपानला शिकवायला निघालो होतो. जपून राहा, वेळेवर जेव, असलं काही ते बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तठी पुस्तकं असतीन. नानाचं काय झालं, पाह्यजो."

नाना म्हणजे आप्पांचे काका. इंग्रजांच्या पलटणीतून जपान्यांशी लढायला इंफाळकडे गेले. परत आले नाहीत, आणि मेल्याची तारही आली नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिकडे त्यांना तहान लागू नये म्हणून. नानांची कधी भरली नाही. घागर भरली की माणूस मेला.

नागोयात मी सावकाश वाचत गेलो. नानांच्या समोर होती ती जपानची पंधरावी आर्मी. तिचा इतिहास जाडजूड आहे आणि त्यात बहुतेक भूकच आहे. थोडं रेशन घेऊन ती चिंदविन नदी ओलांडून निघाली. ओझ्याला आणि पुढे खायला म्हणून बैल सोबत हाकलले. काही नदीत बुडाले, काही डोंगरात बसले. परतताना, पावसात, सैनिकही तसेच वाटेच्या कडेला बसले आणि उठले नाहीत. हे मी रविवारी आप्पांना फोनवर सांगायचो.

"डोंगरात बैल हाकलले? त्याईत कोनी शेतकरी नवता का रे?"

"पुष्कळ शेतकरीच होते, आप्पा."

ते म्हणाले, "मंग त्याईच्याबी घरी कोनी वाट पाह्यत असीन." आणि शेवटी नेहमीचं, "नानाचं नाव?"

"नाही."

"मंग घागर राहू दे औंदाबी."

आप्पा मागच्या हिवाळ्यात गेले. मी पोचेपर्यंत राख थंड झाली होती. आखाजीला धाकट्या भावाचा फोन आला. "भाऊ, आप्पाची घागर भरली. नानाचीबी भरू का?"

नाव तर मला अजूनही सापडलं नव्हतं. वाट पाहणारा मात्र उरला नव्हता. मी म्हणालो, "भर."

नाना त्या सकाळी वारले. सावद्यात, आप्पांच्या नंतर.

गावी राहिलेले तुम्ही, आणि माझ्यासारखे निघून आलेलेही, विचारता की आता घर कुठलं. मी परतलो नाही तर माझी घागर भरू देणार नाही असा माणूस जिथे असेल, ते. असा एकच होता. त्याचीही भरून झाली.